लंब्या बाह्यांचं पोलकं

वहीत तीन रकाने मीच आखले होते,
बदली होऊन आले त्याच आठवड्यात, ऑफिसातली फूटपट्टी घेऊन.
मानोऱ्याच्या पुढचा हा वृद्धाश्रम. एकवीस खाटा,
एक हातपंप, आणि दुपारी तव्यासारखा तापणारा पत्रा.

पहिला रकाना भराभर भरायचा.
नथ्थूजी मसराम रोज यायचे काठी टेकत,
"लिवा बाई. वरनात मीठ नाई."
वच्छलाचं तोंड फाटकं, हे सात वेळा लिहिलं.
ती खाट ओढते तेव्हा कान किटतात, हे दोनदा.
चहा गार. कूलरचं तोंड कायम गिरजाबाईकडेच.
वच्छलाला बोलावून समज दिली
तर तिनं मलाच चार शब्द सुनावले,
आणि संध्याकाळी नथ्थूजींची नखं काढत बसली,
शिव्या देत, एकेक पाऊल मांडीवर घेऊन.

दुसऱ्या रकान्यात प्रश्नचिन्हंच जास्त.
रात्रपाळीचा कुंदन हल्ली पेंगतो का?
डबीत दोन गोळ्या उरल्या: मोजणी चुकली, की दिल्याच नाहीत?
पार्वताबाई जेवताना भिंतीकडे तोंड करून बसतात.
केव्हापासून?
या गोष्टींना अजून हातपाय फुटलेले नसतात.
तारीख टाकायची, नजर ठेवायची,
आठ दिवसांनी परत त्या पानावर यायचं.
मी दर वेळी यायचेच असं नाही.

तिसरा रकाना कोरा होता.
तपासणीला आलेल्या साहेबांना
मी तो कौतुकानं उलटून दाखवला होता.

मे महिना, बाहेर शेहेचाळीस.
पार्वताबाई दारात.
"मले लंब्या बाह्यांचं पोलकं पाह्यजे."
"काऊन व माय, एवढ्या उन्हात?"
"थंडी वाजते."
मी हसले. पहिल्या रकान्यात लिहिलं:
कपड्यांबाबत मागणी. किरकोळ.

अकरा दिवसांनी वच्छलानं मला हाताला धरून न्हाणीत नेलं.
पहिल्यांदाच ती काही बोलत नव्हती.
पार्वताबाईंच्या दंडावर
एका अंगाला चार बोटं, दुसऱ्या अंगाला अंगठा.
जुनं पिवळं, त्यावर नवं जांभळं.
"कुंदन चांगला पोरगा हाय," त्या म्हणाल्या,
"मलेच लवकर उठता येत नाई."

कुंदन. सगळ्यांना माय म्हणणारा.
माझी पंक्चर स्कूटी भर उन्हात
दोन कोस ढकलत नेणारा.
त्याला हाक मारायला तोंड उघडलं होतं मी.
समोर बसवलं असतं, विचारलं असतं,
त्यानं डोळ्यांत पाणी आणलं असतं
आणि मी पाण्याचा ग्लास पुढे केला असता.
रात्री तोच कंदील घेऊन त्याच खाटांमधून फिरला असता.

दात घट्ट मिटले.
पार्वताबाईंनाही पुन्हा पुन्हा विचारलं नाही.
शब्द हाताळून हाताळून गुळगुळीत होतात.
त्या म्हणाल्या तसं, त्यांच्याच बोलीत उतरवून घेतलं.
वेळ टाकली, वच्छलाची सही घेतली,
आज रात्री दालनात कोण झोपणार ते बदललं.
ती झोपणार होती. आणि मी.
खरं काय ते ठरवणारी मी नव्हे.
ठरेपर्यंत तोही दोषी नव्हे,
पण तोवर त्या खाटेपाशी तो जाणार नाही.

पहिल्या रकान्यातली ती ओळ खोडली नाही.
तिच्यापासून तिसऱ्याकडे बाण काढला.
हात कापत होता, बाण वाकडा गेला,
मधल्या रकान्यात भिंतीकडे तोंड करून बसलेल्या
पार्वताबाईंच्या अंगावरून.

जिल्ह्याला फोन लावायचा तर रेंज हातपंपापाशीच.
तिथं नथ्थूजी उभे.
"बाई, वरनात..."
"लिहिते. आधी हा फोन होऊ द्या."
त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं,
काठीवर दोन्ही हात ठेवून थांबले.
पलीकडे घंटी वाजत राहिली.
"मंग राहू द्या मिठाचं," ते हळूच म्हणाले.

नाही, म्हटलं. मिठाचंही लिहिते.