झुबोवा सापडत नाही

नार्वाच्या रुग्णालयात मंगळवारी सकाळी सात दहाला
झिनाइदा झुबोवा अस्तित्वात नव्हती.
ती समोर उभी होती, ते वेगळं.
ओला कोट, मुठीत चुरगळलेली लोकरी टोपी,
सहा वर्षं आठवड्यातून तीनदा रक्त धुऊन घ्यायला येणारी बाई,
आणि खिडकीतला नवा पोरगा पडद्याकडे बघत म्हणाला,
अशी कुणी नोंद नाही.

नीट शोध, ती रशियनमध्ये म्हणाली.
त्यानं नीट शोधलं. नीट शोधूनही नव्हती.
मग बिचाऱ्यानं शहाणपण केलं,
नवी नोंद उघडली.
वजन: एकसष्ट किलो चारशे ग्रॅम.

हेल्यो तळघरात, दुसऱ्या कॉफीवर.
डिस्क पाहिली, जागा भरपूर.
मेमरी पाहिली, निवांत.
उघड्या फाइलींची मर्यादा, परवानग्या, घड्याळ,
सगळं जागच्या जागी.
लॉगमध्ये एक ओळही तांबडी नाही.
चोवीस वर्षांच्या नोकरीत तिला एवढं कळलेलं:
जो बिघाड ओरडतो तो बरा.
हा गप्प होता.

शेवटी तिनं डेटाबेसला सांगितलं,
इंडेक्स ठेव बाजूला,
पहिल्या पानापासून एकेक उलटत जा.
चाळीस सेकंद.
आणि झुबोवा आली,
सहा वर्षांच्या वजनांसकट,
रक्तगटासकट, पेनिसिलिन चालत नाही या शेऱ्यासकट,
जणू कुठे गेलीच नव्हती.

गेली नव्हतीच.
शनिवारी रात्री जुनं यंत्र काढून नवं बसवलं,
आणि नव्यावर कुणीतरी, घाईत,
भाषेच्या खान्यात इंग्रजी राहू दिलं.
एवढंच.
एस्टोनियन वर्णमालेत झेड बसतो एसच्या पाठोपाठ, टीच्या आधी.
इंग्रजीत तो रांगेच्या टोकाला,
आपल्याकडे ळ ताटकळतो तसा.
झुबोवा आपल्या जुन्या खुर्चीत बसून होती
आणि यंत्र तिला दाराबाहेर हाका मारत होतं.

या गावात हे नवीन नाही, हेल्योला वाटलं.
तिच्या आजीचं आडनाव तीन कागदांवर तीन तऱ्हांनी होतं,
राज्य बदललं की रांग बदलायची.
पण हे मनातच.
तिनं भाषा परत एस्टोनियन केली, सर्व्हर उठवला,
इंडेक्स नव्यानं बांध म्हणाली.

यंत्र म्हणालं, नाही.
एकच नाव, एकच जन्मतारीख, माणसं दोन.
मी बांधणार नाही.

दोन झुबोवा.
एक सहा वर्षांची,
एक आज सकाळची, वय एक तास वीस मिनिटं,
जिच्यापाशी एका वजनाखेरीज काही नाही.
एक पुसायची होती.
कुठली, हा प्रश्नच नव्हता,
तरी हेल्योचं बोट कळीवर थांबलं.
तिनं आधी ते एकसष्ट किलो चारशे ग्रॅम
उचलून थोरलीच्या हाती दिले,
मग धाकटीला निरोप.

इंडेक्स अकरा मिनिटांत उभा राहिला.
झेड पुन्हा टीच्या आधी.

वर कळवायला गेली तर
झुबोवा केव्हाची पलंगावर,
दोन्ही नळ्या लावलेल्या, यंत्र संथ घुमत,
टोपी उशाशी.
परिचारिका ल्युबोव मोज्यांवरची लोकर झटकत होती.
तुझा पडदा काय म्हणतो ते मी विचारलं नाही, ती म्हणाली,
मला तिचा हात ठाऊक आहे. डावी शीर चांगली आहे.

हेल्यो म्हणाली, आता सापडते.
कोण?
झुबोवा.
झुबोवानं एक डोळा उघडला,
आणि एस्टोनियनमध्ये, अडखळत, पण व्याकरण सांभाळून,
म्हणाली, धन्यवाद.

तळघरात परतून हेल्योनं सूचनांच्या वहीत लिहिलं:
यंत्र बदलताना आधी विचारा, अक्षरं कुठल्या रांगेत उभी राहतात.
खाली सही.
कॉफी गार झाली होती. ती तिनं तशीच प्यायली.
मग, काही कारण नसताना,
पुन्हा एकदा शोधलं: झुबोवा.
एक नोंद.