पंधरावा

मुखेडला, जुन्या स्टँडमागं, खताच्या दुकानावर खोली.
जिन्याला कठडा नाही,
म्हणून गुडघे गेलेल्यांच्या सह्या मी खाली उतरून घेतो.
माजी सैनिक संघटना, तालुका शाखा.
पाटीवरचा 'जी' उन्हानं खाल्ला,
शाळेतली पोरं मोठ्यानं वाचतात : मा सैनिक.

मी सचिव. चोवीस वर्षं फौजेत टाइपरायटर बडवला,
आता नोंदवही सांभाळतो.
क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण, वर्गणी, शेरा.
शेऱ्याचा रकाना सगळ्यात अरुंद;
'मयत' मात्र त्यात बरोबर मावतं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी मष्णाजी इबितवार गेला.
आम्ही सातजण ब्लेझर घालून त्याच्या दारात उभे,
घामानं मेडलच्या फिती काळ्या झालेल्या.
सुभेदार पठाणांनी 'सावधान' दिलं
तसा तिरडी बांधणारासुद्धा सुतळी सोडून ताठ झाला.

पंधरवड्यानं नांदेडहून पत्र :
सभासद पंधराच्या खाली आल्यास
शाखा कंधारला जोडण्यात येईल.
"कंधारला?" पठाण म्हणाले,
आणि चहा तसाच ठेवला.

मग कुणीतरी इरबा देवकत्तेचं नाव काढलं.
नऊ वर्षांत परत आलेला, बिनपेन्शनीचा,
कँटीनच्या रांगेत कधी न दिसलेला.

सोनकांबळेच्या स्कूटीवर आम्ही दोघं निघालो.
बाऱ्हाळीच्या पुढं माळावर मेंढरं पांगलेली,
मधोमध तो, काठीवर हनुवटी टेकून.
फॉर्म बघितला, हातात घेतला नाही.
"म्या कुठला फौजी, साहेब?
तुमी बंदुका चालवल्या.
म्या खेचरं हाकली.
गावात सांगितलं तर लोक हासतेत."

सोनकांबळे तोफखान्यातला. एका कानानं बहिरा.
तो म्हणाला, "आमचे गोळे वर कोण आणून देत होतं मग?"
इरबा काही बोलला नाही.
एक कोकरू उगाच उचलून त्यानं दुसरीकडं ठेवलं.

मी पेन उघडलं. फौजी नंबर?
त्यानं खूप आठवलं. कपाळाला आठ्या, ओठ हलताहेत.
"माझा न्हाई ध्यानात.
तिचा हाय. चारशे एकवीस.
खुरावर कोरलेला, दर दोन म्हैन्याला नव्यानं कोरायचो,
खूर वाढलं की नंबर खाली सरकतो ना."

"बर्फात एकदा थांबली. हालंच ना.
मागं आख्खी लाईन खोळंबली, वरून शिव्या.
म्या दोन फटके हाणले.
तरी हालली न्हाई.
आन् मग पुढली वाट, आमच्या डोळ्यांदेखत,
सगळीच्या सगळी खाली गेली."

हात उघडून त्यानं तळव्याकडं पाहिलं.
"ते दोन फटके," म्हणाला,
आणि मेंढरांना हाळी दिली.

वर्गणी शंभर रुपये.
कमरेच्या पिशवीतून त्यानं दोनशेची नोट काढली,
चार घड्या पडलेली.
सुटे नाहीत, मी म्हणालो.
"सुटे कशाला? दोघांचे हायत."

पावतीपुस्तकात नावाला एकच ओळ असते.
सोनकांबळेनं ऐकलं नसावं,
किंवा बहिरा कान आमच्याकडं केला असावा.

रात्री खोलीत, खालून युरियाचा वास येत असताना लिहिलं :
पंधरा. शिपाई. इरबा मल्हारी देवकत्ते. खच्चर कंपनी.
वर्गणी दोनशे.
शेरा : ४२१.

मग नांदेडला पाठवायची यादी टाइप केली.
एकूण सभासद,
आणि पुढचा आकडा दाबण्याआधी
बोट थोडा वेळ वरच राहिलं.