जोड

हर्णैच्या बर्फाच्या कारखान्यात
यासीन सोलकर कॅसेट लावायचा
तेव्हा कॉम्प्रेसर आधीच ताल धरून असायचा,
धड धड धड धड,
उन्हातान्हात, भरती-ओहोटीत न चुकणारा.
गाणं त्याच्यावर फक्त पाय टाकायचं,
सुटत्या होडीत टाकावा तसा.

यासीन बारा वर्षं बोटीवर होता, इंजिनरूममध्ये.
कायमचा परतला तेव्हा आळीने विचारलं, काय आणलंस?
घड्याळ नाही, अत्तर नाही, चोपडं ब्लँकेट नाही.
बुटाचा एक खोका, त्यात सतरा कॅसेटी.
सोळांवर बंदरांची नावं.
सतरावी बिननावाची,
घानाच्या कुणा खलाशाने पत्त्यांत हरून दिलेली.

तिच्यावर एक बाई गायची.
बेबी एवढं आम्हाला कळायचं,
आणि लव्ह, ते तर टेम्पोच्या मागेही लिहिलेलं असतं.
बाकीचं ज्याचं त्याने भरून घ्यायचं.
जनी चोगले म्हणायची, नवऱ्याला हाकलतेय.
हिरा पावसे म्हणायची, छ्या गो, परत बोलावतेय,
आवाज बघ की, दाराची कडी धरून उभी हाय.
यासीनला विचारलं
तर लादीवर आकडा मारत तो म्हणायचा,
दोन्ही.

मी अकरा वर्षांची. कोळंबी सोलायची, पाटीला आठ आणे.
बोटं बधिर व्हायची,
पायांना मात्र कुणी काही सांगितलेलं नसायचं.
पाट्या वाहणाऱ्या बायका लिलावाकडे जाताना
कमरेत एक वळण घ्यायच्या, इतकं बारीक
की दलालाला वाटावं, वजन सावरतेय.
वजनच सावरत होत्या.

एका मे महिन्यात मशीनने टेप खाल्ली.
यासीनने ती हलक्या हाताने ओढून काढली,
सुरमईचं पोट साफ करावं तशी,
चुरगळलेला तुकडा कापला
आणि हिराच्या नेलपॉलिशने
दोन टोकं चिकटवली.
त्या दिवसापासून गाण्यात एक उडी आली.
बाई श्वास घ्यायची एका ओळीत
आणि सोडायची थेट पुढच्या कडव्यात.

चार दिवस आम्ही चुकलो.
मग कमरा शिकल्या.
त्या जागी सगळ्याच अर्धं पाऊल गिळायच्या.
पुढच्या शिमग्याला ढोलवाल्यांनी तो ठेका उचलला,
उडीसकट.

कारखाना बंद पडून नऊ वर्षं झाली.
अमोनियाचा वास गेला, पत्रेही गेले.
यासीन टेकाडावरच्या कब्रस्तानात आहे,
तिथून सुवर्णदुर्ग दिसतो.

परवा धक्क्यावर बसलो होतो तिघी,
जनीचा एक डोळा नुकताच उघडलेला,
हिराचे गुडघे कधीचे रजेवर.
माझी भाची प्रचिती फोन घेऊन आली.
मावशी, हे ऐक, नवीन आहे,
सगळे यावर रील करतायत.

तीच बाई.
पाठीमागे कुणी नवा ठोका घातलेला,
कॉम्प्रेसरएवढा भरवशाचा नाही,
पण आवाज कडी धरून तसाच उभा.
हिरा उठली. गुडघ्यांना विचारलं नाही.
ती जागा आली,
आम्ही तिघींनी पाऊल गिळलं,
आणि गाणं
सरळ चालत राहिलं.
आम्ही पुढच्या कडव्यात पोचलेल्या,
बाई मागेच,
तिच्या दोन ओळी अजून म्हणायच्या होत्या.

चाळीस वर्षं न ऐकलेलं ऐकलं.
काय म्हणतेय गं इथे?
प्रचितीने फोन वर-खाली केला.
विशेष नाही काही. थांब म्हणते,
थोडं थांब. तेच दोनदा.

बघ, हिरा म्हणाली, सांगत नव्हते?
जनी म्हणाली, आमचा तर तोवर गेला.

मी म्हटलं, परत लाव.
परत चुकलो. परत लाव म्हटलं.
आता प्रचितीही आमच्यात उभी राहिली,
कॉलेजची, कानात फोनची पांढरी बोंडं घालून झोपणारी,
आणि तिसऱ्या खेपेला
त्या जागी
तीही चुकली.