खालची रेघ

सदरच्या चर्चमधल्या ऑर्गनचा ब्लोअर
एप्रिलच्या अखेरीस बसला
आणि मला निरोप आला.
मी गणवीर, मोटार वाइंडिंग, गड्डीगोदाम.
तीस वर्षं तांब्याची तार वेढ्यांत मोजतोय,
बिघाड डोळ्यांच्या आधी कानाला कळतो.

बेअरिंग बदललं, वंगण दिलं, बटण दाबलं.
मोटार गुणगुणली.
सवयीनं मीही, तोंड मिटून, तिच्यासोबत.
बाकावर पानं लावत बसलेल्या एस्तेर तिरपुडे बाई
उठून आल्या, डावीकडची एक पट्टी दाबून पाहिली,
म्हणाल्या, "जी. पण जरासा चढा."

"बाई, ही गुणगुण साऱ्या गावाची एकच.
डीपीची, चोकची, फ्रिजची.
व्होल्टेज पडलं की पंख्याची पाती उतरतात,
हा आवाज उतरत नाही."

बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला.
"म्हणजे याला पत्ता आहे."
आणि पाच रेघांच्या कागदावर,
कानासारखी खूण काढून, तिच्याशेजारी दोन ठिपके देऊन,
सगळ्यात खालच्या रेघेवर
एक पोकळ अंडं ठेवलं.

मजुरी झाली होती साडेआठशे.
पाचशे घेतले.
बाकीच्याचं शिकवा म्हणालो.

घरी यशोधरा हसली.
"काऊन जी, आता बँडात जाता का?"

मला सा ठाऊक होता.
भीमगीतांच्या पार्टीत पेटीवर बसायचो तेव्हा
गायकाचा गळा जिथं, तिथं सा.
कधी काळी दोन, कधी काळी चार,
पाहुण्याला काय, सतरंजी टाकली तिथं बसला.
इथं कोणी कोणासाठी सरकत नाही.
गाणारा खोकला तरी जी आपल्या रेघेवर.

पहिले तीन शनिवार वाया गेले.
रेघेवरचा कोणता, दोन रेघांमधला कोणता,
मला दोन्ही सारखेच काळे.
वर चाललंय की खाली, एवढं दिसायचं,
जसं अनोळखी माणूस जिना चढताना दिसतो,
कोणत्या मजल्यावर थांबला ते कळत नाही.
बाई ओरडल्या नाहीत. त्यांनी पट्टी काढून
माझ्याच बोटांवर मोजायला लावलं,
पाच बोटं, मधल्या चार फटी.
करंगळीवर इस्त्रीचा जुना डाग आहे.
जी तिथं राहतो.

एक सूर मात्र कुठंच बसेना.
वरच्या पाच रेघांच्या खाली,
खालच्या पाचांच्या वर,
स्वतःपुरती एक आखूड रेघ घेऊन उभा.
मी म्हणालो, "हा कोणत्या ले-आउटचा?
ना नकाशात, ना एनआयटीची मंजुरी.
आपल्यासारखाच दिसतो, नाल्याकाठचा."
बाई हसल्या नाहीत.
"दोन्ही हात शोधायला निघाले,
की आधी याच्याच दारात येतात," म्हणाल्या.
मी त्या दिवशी सायकल हातात धरूनच
घरी आलो, एलआयसी चौकापर्यंत तरी.

मग मे. शेहेचाळीस.
रात्री साडेबाराला लाइट गेली.
कूलर थांबला, पाण्याचं टपटप तेवढं राहिलं,
मग तेही गेलं.
गल्लीच्या तोंडावरचा डीपी गप्प.
माणसं खाटा घेऊन बाहेर निघाली,
कोणी महावितरणच्या नावानं शिव्या दिल्या,
मी मात्र मोबाइलच्या उजेडात बाईंचं पान उघडलं.
करंगळी. खालची रेघ. अंडं.
तोंड उघडलं नाही, गुणगुणलोही नाही,
आणि तो आत लागला,
स्वच्छ, रोजच्यापेक्षा अगदी केसभर खाली.

पुढचा वाचला. अडखळलो. परत मागून आलो.
यशोधरा म्हणाली, "झोपा आता, डोळे जातील."

अडीचला लाइट आली.
डीपी, फ्रिज, शेजारच्यांचा कूलर, सगळे एकदम.
अन् सारं नागपूर मला
किंचित चढं लागलं.