उंडे

सकाळी ऑफिसला निघताना लोणी बाहेर काढून ठेवायचं.
कोपरखैरण्यात मे महिन्यात ते संध्याकाळी
मऊ नाही, वितळलेलंच सापडतं.
मग पुन्हा आत, पुन्हा बाहेर,
आमच्या वकिलांच्या तारखांसारखं.

पूर्वी मला चहापलीकडे काही येत नव्हतं.
आता येतं.
दोन वाट्या गव्हाचं पीठ, एक नाचणीचं,
वाटीभर लोणी, पाऊण वाटी किसलेला गूळ,
मीठ चिमूटभर म्हणतात, मी दोन चिमटी घालतो,
कारण शाल्मलीला गोडाचा शेवट खारट लागतो.
दुधाचा नुसता हात.
मळायचं नाही. पिठाला फक्त सांगायचं गोळा हो म्हणून,
बोटांनी, हळू.
रेटलं की चिवट होतं.
हे मला उशिरा कळलं, पिठाच्या बाबतीतही.

मग उंडे वळायचे, अळूवडीचे वळतात तसे,
बटर पेपरात, टोकं गोळीच्या कागदासारखी पिळून.
खालून चपटे होऊ नयेत म्हणून
कॅलेंडरच्या जुन्या पानाची नळी.
त्या पानावर अजून मार्च आहे,
दोन रविवारांभोवती लाल गोल.

एकदारी फ्रिज, बर्फाचा कप्पा हातभर.
मटारची पिशवी,
शेजारच्या थॉमस आंटींचा फ्रिज बिघडल्यापासून
त्यांच्या बांगड्यांचं पुडकं,
आणि माझे तीन उंडे, चिकटपट्टीवर मार्करने तारीख.
तारीख घालावीच लागते.
गोठलेल्या वस्तूचं वय तिच्या तोंडावर दिसत नाही.

माझी आई दिवाळीआधी पत्र्याचा डबा घेऊन
उरणच्या बेकरीत भट्टीच्या रांगेत उभी राहायची,
डब्यावर आडनावाची चिठ्ठी.
एका वर्षी दुसऱ्याच कुणाची नानकटाई घरी आली.
आम्ही तीही खाल्ली.

एकाआड एक रविवार, दहा ते सहा.
सानपाड्याहून तिचा मामा सोडतो,
वर येत नाही, खालूनच हॉर्न.
साडेनऊला मी ओव्हन लावतो.
उंडा दगड झालेला. सुरी गरम पाण्यात बुडवून
चकत्या पाडायच्या, बोटाएवढ्या जाड,
आणि विरघळायची वाट न बघता थेट आत,
दोन मिनिटं जास्त.
ती दार ढकलते तेव्हा घर असं दरवळत असतं
जणू इथे रोज काहीतरी होतं.

"आत्ता केलंस?"
"आत्ताच."
याला खोटी साक्ष म्हणतात का,
मी कुणाला विचारलेलं नाही.

या रविवारी तिला सरबतात बर्फ हवा होता.
कप्पा उघडून ती तशीच उभी राहिली,
गार वाफ मनगटाभोवती.
"बाबा, यावर सतरा तारीख आहे."
"हं."
"सतराला बुधवार होता. मी नव्हते."
"नव्हतीस."
"मग कुणासाठी केलंस?"

फ्रिजची मोटर सुरू झाली.
मला बरं वाटलं, कुणीतरी बोललं.

तिने दार लावलं. सरबत बर्फाशिवायच प्यायली.
मग म्हणाली, लोणी आहे का अजून?

दुपारी आम्ही चौथा उंडा वळला.
एका टोकाला जाड, दुसरीकडे निमुळता, मुळ्यासारखा.
मी सरळ करायला गेलो, तिने हात बाजूला सारला.
चिकटपट्टी दातांनी तोडली,
तारीख घातली, पुढे वार,
आणि वाराखाली बारीक अक्षरात
"मी होते."

सहाला हॉर्न.

पुढच्या खेपेला तिने विचारलं तर सांगेन
की सुरी बोथट आहे.
तोवर तो कप्प्यात आहे, बांगड्यांच्या शेजारी.
तीन महिने टिकतो म्हणे.