सातवा प्रश्न

मार्च उजाडला तरी नारिनला
नदीच्या कडा गोठलेल्याच.
चौथा खर्डा बगलेत मारून मी
बुर्माकान आपांच्या दारात बूट काढतेय.

तिसरा खर्डा एका 'आणि'नं बुडवला.
'तुम्हाला किती वेळा एकटं आणि उदास वाटतं?'
जुमाबेक ट्रक चालवतो, खिंडीपलीकडे कोळसा नेतो.
म्हणाला, एकटा तर रोजच असतो बाई,
उदास कशाला होऊ, रेडिओ आहे.
सांगा, खूण कुठे करू?
मी 'आणि' खोडला.
एका चुलीच्या दोन चुली झाल्या.

दुसऱ्यात 'नाही का?' होतं.
रात्री झोप लागत नसेल, नाही का?
प्रश्नानंच उत्तराचं बोट धरलेलं.
माणसं भली, पाहुणीचं मन मोडवेना,
अख्ख्या गावानं हो म्हणून टाकलं,
घोरणाऱ्यांनीसुद्धा.

पहिल्याचं नाव काढू नका.
तो मी बिश्केकला लिहिला,
हीटरला पाठ लावून.

आता सगळं चोख आहे.
कधीच नाही, क्वचित, अधूनमधून, बऱ्याचदा, नेहमी.
पायऱ्यांमधलं अंतर सारखं, असं आम्ही धरून चालतो.
(धरून चालतो, म्हणजे खाली बघत नाही.)
ज्यांना अक्षर दिसत नाही त्यांच्यासाठी
पाच पियाले काढलेत मी स्वतः,
रिकाम्यापासून काठोकाठ भरलेल्यापर्यंत.
जेवढं जास्त वाटतं, तेवढा भरलेला पियाला दाखवायचा.
एवढं सोपं.

आपा कागद खिडकीशी नेतात,
मग हसतात, खोकला येईपर्यंत.
हे कुणी काढलं?
भरलेला पियाला दिला की पाहुण्यानं उठायचं असतं, पोरी.
घोटभर दिला म्हणजे, बस,
मी पुन्हा ओतणार आहे.
एवढंही शिकवत नाहीत तुमच्या विद्यापीठात?

शिकवतात. माझी आईही असाच ओतते.
पण कागदावर पेन टेकलं
की मी कुणाची तरी दुसऱ्याचीच मुलगी होते.

सातवा प्रश्न वाचते.
गेल्या दोन आठवड्यांत किती वेळा एकटं वाटलं?
आपा भिंतीकडे बघतात.
तिथे मॉस्कोतला मुलगा आहे, फ्रेममध्ये,
बांधकामावरची पिवळी टोपी घातलेला.
चुलीत शेणी सारतात.
मेंढ्यांचं सांगतात, एक लंगडतेय.
माझं लग्न झालं का, विचारतात,
हा प्रश्न मात्र कसा थेट, सुटसुटीत, एकपदरी.

मी समासात लिहिते: चित्र बदलणे.
पियाल्याऐवजी काय? शिडी? दगड?
इथे दगडालाही काही अर्थ असेलच.

बाहेर अंधारलं. शेवटची गाडी सहाची होती.
सातव्याचा रकाना कोरा आहे.
आपा किटली उचलतात.
हा माझा अकरावा पियाला,
आणि अजून
घोटभरच.