चंदननगर, गिरणीवरचा क्लास

खाली पिठाची गिरणी, वर माझा इंग्रजीचा क्लास.
ज्वारी सुरू झाली की पीठ जिन्यानं वर येतं,
मे आय कम इन वगैरे विचारत नाही.
मी फळा पुसते, तरी
त्यावर खडू किती आणि पीठ किती,
सांगता येत नाही.

आज घेतलं होतं, इनटू.
म्हटलं, आपण म्हणतो, तो लंगडत खोलीत आला.
सगळं काम 'आला'नं केलं,
लंगडणं 'त'ची काठी टेकत बाजूनं चाललं.
इंग्रजीत उलटं.
ही लिम्प्ड इनटू द रूम.
लंगडणं तिथं मालक, भूतकाळाचा टिळा त्यालाच,
आणि उंबरा ओलांडायचं एवढं मोठं काम
एका चिमुरड्या शब्दावर टाकलेलं.

'म्हणजे ते पाय बघतात, आपण दार,'
इरफान बागवान म्हणाला. तो मार्केट यार्डात टेम्पो चालवतो,
रिव्हर्समध्ये गाडी आत घालण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही.
त्यानंच पहिलं वाक्य केलं:
द बस कॉफ्ड इनटू स्वारगेट.
सगळे हसले. मी म्हटलं, बरोबर आहे.
खरंच?
खरंच. आपल्याकडे बस खोकत खोकत येते,
त्यांच्याकडे खोकलाच स्टँडात शिरतो.

मग काय, सुटलेच.
कांद्याची गोणी धप्प इनटू गाळा,
सासूबाई कुरकुर इनटू स्वयंपाकघर,
लहूचा रिझल्ट रडला इनटू घर.
इथं मी हात वर केला. रिझल्टला पाय नसतात.
'पिठाला तरी कुठं असतात मॅडम,' लहू म्हणाला.

मंगल ओव्हाळ शेवटच्या बाकावर, युनिफॉर्मातच.
खराडीला एका काचेच्या कंपनीत, गेटवर. तीन वर्षं झाली.
तिच्या रजिस्टरात रकाने चार:
नाव, कुणाला भेटायचं, इन, आउट.
कोण ऐटीत आलं, कोण इंटरव्ह्यूला घाम टिपत,
कोण कार्ड विसरून नजर चुकवत,
सगळ्यांचं एकच. इन, नऊ दहा.
'क्रियापदाला तिथं जागाच नसती,' ती म्हणाली,
आणि मग, कुणी विचारलं नसताना, मंगळवारचं सांगितलं.

फायर ड्रिल होतं. भोंगा वाजला,
अख्खी कंपनी जिन्यांवरून खाली सांडली.
सुपरवायझर म्हणाला, वर कोण राहिलंय का बघून ये.
तीन वर्षांत पहिल्यांदा ती काचेच्या पलीकडे.
चौथ्या मजल्यावर अर्धे प्यालेले मग,
एक खुर्ची अजून फिरत होती,
एका स्क्रीनवर मासे पोहत होते, कुणासाठी कोण जाणे.
आणि गार. ऐन मे महिन्यात स्वेटरची आठवण यावी इतकं.

'कशी गेलीस आत? फळ्यावरचं निवड एक.
रॅन? वॉक्ड? स्नीक्ड?'
तिनं चौदाही शब्द वरपासून खालपर्यंत वाचले,
पुन्हा खालून वर.
तेवढ्यात गिरणी बंद झाली, आणि कान एकदम मोकळे.
'शिरले,' ती म्हणाली.

मी खडू उचलला. एंटर्ड?
छे. एंटर्ड कुणीही होतं. साहेब, मांजर, ताप.
हिच्या 'शिरले'त पाय कसे पडले ते नाही,
पळाली की दबकली, तेही नाही,
पण शेवटच्या मात्रेवर एक बाई उभी आहे,
आणि ती 'मी' आहे.
खडू तसाच खाली ठेवला.

'रजिस्टरात लिहिलंस?'
'लिहिलं की. ओव्हाळ मंगल.
कुणाला भेटायचं, तिथं रेघ मारली.
इन, अकरा वीस.'
'आणि आउट?'

ती वहीवरचं पीठ झटकत होती.
'आउट लिहायचं राहिलं, मॅडम.'